तारेला लावलेला कान: ऑल्मस्टेड खटला आणि अमेरिकेची दारूबंदी

सिअ‍ॅटल शहरातल्या एका मोठ्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक कार्यालय होतं आणि त्या कार्यालयात तीन टेलिफोन होते. १९२४ साली केंद्र सरकारच्या दारूबंदी खात्याची माणसं त्या इमारतीच्या तळघरात उतरली. तारांच्या जुडग्यातून त्यांनी नेमक्या त्या टेलिफोनच्या तारा हुडकल्या, त्यांना दुसऱ्या बारीक तारा जोडल्या आणि कान लावून ऐकत बसली. वरच्या कार्यालयाचं दार त्यांनी उघडलं नाही, कुलूप फोडलं नाही, एक कागद हलवला नाही. ऐकलं ते वहीत उतरवत गेले. काही आरोपींच्या घरांच्या तारांनाही असेच जोड दिले, तेही घराबाहेर, रस्त्यावरच. हे कित्येक महिने चाललं. सगळं टाइप झालं तेव्हा पानं भरली ७७५.

ते कार्यालय होतं रॉय ऑल्मस्टेड या दारूच्या तस्कराचं. या पानांवरून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जो खटला गेला तो ‘ऑल्मस्टेड विरुद्ध युनायटेड स्टेट्स’, निकाल ४ जून १९२८. कायद्याचे विद्यार्थी तो खासगीपणाच्या हक्काचा खटला म्हणून वाचतात. मला तो आधी दारूबंदीचा खटला वाटतो. दारू बंद करायला निघालेलं सरकार लोकांच्या टेलिफोनपर्यंत का पोचलं, याचं उत्तर त्या कायद्याच्या घडणीतच आहे. ते या एका प्रकरणात जितकं स्वच्छ दिसतं तितकं शिकागोच्या टोळीवाल्या अल कपोनच्या गोळीबाराच्या गोष्टींत दिसत नाही.

फिर्यादी नसलेला गुन्हा

अमेरिकेतली दारूबंदी ही काही मूठभर सोवळ्या लोकांची लहर नव्हती, हे आधी सांगायला हवं. मेन राज्याने १८५१ मध्येच दारूविक्रीवर बंदी घातली होती. १८७४ मध्ये ‘विमेन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन’ उभी राहिली ती घराघरातल्या बायकांच्या अनुभवातून. नवऱ्याचा पगार गुत्त्यात संपायचा, तो पिऊन घरी आला की मार पडायचा, आणि बाईच्या हातात ना मत ना फारशी मिळकत. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या. या संघटनेशी त्यांचा जवळचा संबंध आला, आणि परत आल्यावर अमेरिकेवर लिहिलेल्या मराठी पुस्तकात त्यांनी या बायकांच्या कामाबद्दल मनापासून लिहिलं. आपल्याकडे ‘आडवी बाटली’साठी मतदानाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांना ती तळमळ समजावून सांगावी लागणार नाही.

पुढे ‘अँटी-सलून लीग’ने (सलून म्हणजे तिकडचा गुत्ता) या तळमळीला निवडणुकीच्या राजकारणाची धार दिली. १९१३ मध्ये आयकर आला, त्यामुळे दारूवरच्या कराशिवाय सरकार चालेल असं म्हणता येऊ लागलं. पहिल्या महायुद्धात जर्मन नावांच्या बिअर-उत्पादकांविरुद्ध वातावरण तापलं. अठराव्या घटनादुरुस्तीला १६ जानेवारी १९१९ रोजी पुरेशा राज्यांची मंजुरी मिळाली. अंमलबजावणीचा व्होल्स्टेड कायदा राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी नकाराधिकार वापरून परत पाठवला, तरी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तो २८ ऑक्टोबर १९१९ रोजी पुन्हा मंजूर केला. अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त अल्कोहोल असलेलं पेय म्हणजे दारू, अशी त्यात व्याख्या होती. १७ जानेवारी १९२० पासून देश कोरडा झाला.

इथे कायद्याचा नेमका शब्द पाहायला हवा. बंदी होती ती दारू बनवण्यावर, विकण्यावर, वाहून नेण्यावर, आयात-निर्यातीवर. पिणं हा गुन्हा नव्हता. बंदीआधी घेऊन ठेवलेली दारू घरात बसून प्यायला मुभा होती. आपल्या १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात पिण्यासाठीच परवाना लागतो, त्यामुळे मराठी वाचकाला हा फरक पटकन लक्षात येत नाही.

आता पोलिसाच्या जागी उभं राहून पाहा. घरफोडी झाली की घरमालक चौकीत येतो. मारामारी झाली की डोकं फुटलेला माणूस येतो. दारूची पेटी विकली गेली तर कोण येणार? विकणाऱ्याला पैसे मिळाले, घेणाऱ्याला माल मिळाला, दोघंही खूश. ज्या बाईसाठी कायदा केला ती या व्यवहारात कुठेच नसते. तिला पेटी कुठून आली ते ठाऊक नसतं, आणि ठाऊक असलं तरी नवऱ्याविरुद्ध साक्षीला उभं राहणं तिला परवडत नाही. म्हणजे गुन्हा रोज, हजारो ठिकाणी, आणि फिर्यादी एकही नाही. अशा गुन्ह्याचा पुरावा हवा असेल तर दोन मार्ग उरतात: खबऱ्या पेरायचा, किंवा दोघं बोलत असताना आपण चोरून ऐकायचं. सुरुवातीला सगळ्या देशासाठी केंद्राचे दारूबंदी अधिकारी दीड हजारांच्या आसपास होते. पगार तुटपुंजे होते आणि हप्त्याचा मोह समोर उभा होता.

लेफ्टनंटचा धंदा

सिअ‍ॅटल ज्यात येतं ते वॉशिंग्टन राज्य देशाच्या आधीच, १९१६ पासून कोरडं होतं. पण त्याच्या उत्तरेला कॅनडाचा ब्रिटिश कोलंबिया प्रांत, आणि तिथे १९२१ पासून सरकारी दुकानांत दारू मिळू लागली होती. मध्ये प्यूजेट साउंडचं पाणी: खाड्या, बेटं, धुकं, शेकडो मैलांचा किनारा. तस्कराला यापेक्षा सोयीची जागा शोधून सापडली नसती.

रॉय ऑल्मस्टेड सिअ‍ॅटल पोलिसांत लेफ्टनंट होता. हुशार, बोलायला गोड, वरच्यांच्या मर्जीतला. दारूच्या खेपा पकडायचं काम करता करता त्याला दिसलं की हे तस्कर धांदरट आहेत, आणि नीट हिशेबाने हाच धंदा केला तर त्यात अफाट पैसा आहे. २२ मार्च १९२० च्या पहाटे, शहराच्या उत्तरेला मेडोडेलच्या किनाऱ्यावर व्हिस्कीची खेप उतरत असताना केंद्राच्या अधिकाऱ्यांनी छापा घातला. एक गाडी अडथळा चुकवून निसटली, पण चालवणाऱ्याचा चेहरा ओळखू आला होता. ऑल्मस्टेडची नोकरी गेली, ५०० डॉलर दंड झाला. आता दिवसा एक आणि रात्री एक असं दोन्हीकडे राहायची गरज संपली, आणि तो पूर्ण वेळ धंद्यात उतरला.

त्याने धंदा कसा बांधला, याचं वर्णन सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आहे. ते एखाद्या कंपनीच्या वार्षिक अहवालासारखं वाटतं. ऑल्मस्टेडने भांडवल घातलं १०,००० डॉलर. बाकी अकरा भागीदारांनी प्रत्येकी १,०००. नफ्याचा अर्धा भाग त्याचा, उरलेला अर्धा बाकीच्यांत. निदान पन्नास माणसं कामाला. ब्रिटिश कोलंबियाकडे ये-जा करणारी दोन मोठी जहाजं, किनाऱ्याने माल आणायला लहान बोटी, शहराबाहेर एक शेतमळा आणि त्यात जमिनीखाली मोठा साठा. शहरात ठिकठिकाणी लहान साठे. पगारी माणसांत विक्रेते, माल पोचवणारे, टेहळणी करणारे, हिशेबनीस, वसुलीवाले, आणि एक वकीलसुद्धा. काही दिवशी २०० पेट्या घरपोच जायच्या. निकालपत्र म्हणतं की मंदीच्या महिन्यातही विक्री १,७६,००० डॉलर होती, आणि वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर असणार.

दोन गोष्टींसाठी तो शहरात नावाजला. त्याच्या मालात भेसळ नसे, आणि तो आपल्या माणसांना बंदूक बाळगू देत नसे. दारूपायी माणसाचा जीव जाऊ नये, हे त्याचं म्हणणं होतं. ज्या काळात औद्योगिक अल्कोहोलची विषारी दारू पिऊन माणसं आंधळी होत होती, मरत होती, त्या काळात या दोन गोष्टींना मोठी किंमत होती. म्हणून लोक त्याला ‘चांगला बूटलेगर’, म्हणजे चांगला दारू-तस्कर, म्हणत. तरीही मला त्याचा हीरो करायचा नाही. त्याचा धंदा चालत होता तो पोलिसांना पैसे चारून, आणि अख्ख्या शहराच्या पोलीस दलाला त्याने ती सवय लावली.

सगळ्या कारभाराचा कणा होता टेलिफोन. ओळखीच्या गिऱ्हाइकांना नंबर दिलेले असायचे. कार्यालयात कोणीतरी सतत फोनपाशी बसलेलं असायचं. मागणी आली की ती टिपायची, दुसऱ्या फोनवरून साठ्यावर कळवायची, तिथून गाडी निघायची. माणूस पकडला गेला तर फोन, आणि तो सोडवायला पोलिसाला फोन. आज आपण जेवण मागवतो त्यापेक्षा फार वेगळं काही नव्हतं.

त्याची बायको एल्सी लहान मुलांना झोपताना ऐकायच्या गोष्टी रेडिओवर वाचायची. नवरा-बायकोने घरातच केएफक्यूएक्स नावाचं रेडिओ केंद्र चालवलं होतं. त्या गोष्टींतून समुद्रावरच्या बोटींना सांकेतिक निरोप जातात अशी वदंता शहरभर होती. ती कधी सिद्ध झाली नाही.

तळघरातली पानं

नोव्हेंबर १९२४ मध्ये दारूबंदी खात्याने ऑल्मस्टेडच्या घरावर छापा घातला. घरात दारूचा साठा सापडला नाही. इथे ती टाइप केलेली पानं सरकारच्या कामी आली. जानेवारी १९२५ मध्ये नव्वदच्या आसपास लोकांवर कट केल्याचा आरोप ठेवला गेला. पुढच्या वर्षी खटला चालला आणि वर्तमानपत्रांनी त्याला ‘कुजबुजणाऱ्या तारांचा खटला’ म्हटलं. अधिकारी साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून त्या नोंदींवर नजर टाकत आणि कोण कोणाला काय म्हणालं ते सांगत. आवाज मुद्रित केलेला नव्हता. बारा माणसांच्या ज्युरीपुढे होती ती फक्त ऐकणाऱ्याची आठवण, आणि ती ताजी करणारी त्यानेच लिहिलेली नोंद.

त्या संभाषणांत पेट्यांच्या मागण्या होत्या, पकडल्या गेलेल्या मालाची हळहळ होती, आणि पोलीस अधिकाऱ्यांना ‘जमेल तसे पैसे देतो’ म्हणून दिलेली वचनंही होती. ऑल्मस्टेडला चार वर्षांची सक्तमजुरी आणि ८,००० डॉलर दंड झाला.

एक गोष्ट मात्र निर्विवाद होती. वॉशिंग्टन राज्याच्या १९०९ च्या कायद्यानुसार दुसऱ्याचा टेलिफोन चोरून ऐकणं हा गुन्हा होता. म्हणजे दारूबंदीचा कायदा मोडणाऱ्याला पकडण्यासाठी सरकारी माणसांनी त्या राज्याचा दुसरा कायदा मोडला होता. खुद्द न्याय खात्यात दारूबंदीची बाजू सांभाळणाऱ्या सहायक अ‍ॅटर्नी जनरल मेबल वॉकर विलेब्रँट यांना ही पद्धत नापसंत होती. खरं तर दारूबंदीचे खटले त्यांच्याइतक्या हिरिरीने कोणी चालवले नव्हते.

पाच विरुद्ध चार

सर्वोच्च न्यायालयाने एकच प्रश्न विचारात घेतला: तार जोडून ऐकलेलं संभाषण पुरावा म्हणून वापरणं हे घटनेच्या चौथ्या आणि पाचव्या दुरुस्तीचा भंग आहे का? चौथी दुरुस्ती नागरिकाची शरीर, घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडती-जप्तीपासून संरक्षण देते. पाचवीनुसार कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. १९१४ च्या एका निकालाने हेही ठरलं होतं की अशा झडतीत मिळालेला पुरावा केंद्राच्या न्यायालयात चालणार नाही.

मुख्य न्यायाधीश विल्यम हॉवर्ड टॅफ्ट हे एके काळचे राष्ट्राध्यक्ष. दारूबंदी घटनेत घालायला त्यांचा आधी विरोध होता, पण एकदा कायदा झाला की तो पाळला गेलाच पाहिजे, या मताचे ते होते. त्यांचा युक्तिवाद साधा होता. घरात कोणी शिरलं नाही, म्हणजे झडती नाही. हाताला लागेल अशी वस्तू नेली नाही, म्हणजे जप्ती नाही. आणि माणूस टेलिफोन लावतो तेव्हा आपला आवाज घराबाहेर पाठवतो. बाहेरच्या तारा त्याच्या घराचा भाग नाहीत, जसा घरासमोरचा रस्ता घराचा भाग नसतो. पाच न्यायाधीश या बाजूला होते.

टॅफ्ट यांचा हा रस्त्याचा दाखला मी अनेकदा वाचला, आणि दर वेळी तो मला अपुरा वाटतो. रस्त्यावरून जाणारं बंद पाकीट टपाल खात्यालाही वॉरंटशिवाय फोडता येत नाही, हे त्याच न्यायालयाने आधी सांगितलेलं होतं. बंद पाकिटाला जो मान, तो बोलण्याला का नाही? देशातल्या मोठ्या टेलिफोन कंपन्यांनीही न्यायालयात लेखी म्हणणं मांडून आरोपींच्याच बाजूने हेच सांगितलं: दोन माणसं समोरासमोर बसून बोलल्यासारखं खासगी बोलू शकावीत, यासाठीच आमची यंत्रणा आहे.

न्या. लुई ब्रँडाइस यांनी विरोधी मत लिहिलं. ब्रँडाइस दारूबंदीचे विरोधक नव्हते, म्हणून त्या मताचं वजन मला जास्त वाटतं. १९२६ मध्ये ‘लॅम्बर्ट विरुद्ध येलोली’ खटल्यात, डॉक्टरला रोग्यासाठी किती दारू लिहून देता येईल यावरची मर्यादा (दहा दिवसांत एक पाइंट) वैध ठरवणारा निकाल त्यांनीच लिहिला होता. आता तेच म्हणत होते की घटनाकारांनी नागरिकाला सरकारविरुद्ध एक हक्क दिला आहे, आपल्याला आपल्या जागी सुखाने राहू देण्याचा हक्क, आणि सुसंस्कृत माणसाला त्याहून मोलाचा हक्क दुसरा नाही. टेलिफोनला जोड दिला की तारेच्या दोन्ही टोकांची माणसं उघडी पडतात. आरोपीला फोन करणारा प्रत्येक माणूस, त्याच्या वकिलासकट, त्यात येतो. आणि सरकार हा जनतेचा शिक्षक आहे. शिक्षकच कायदा मोडू लागला तर लोक कायद्याची किंमत ठेवणार नाहीत.

पुढे त्यांनी जे लिहिलं ते वाचताना आज अंगावर काटा येतो. एक दिवस असा येईल, ते म्हणाले, की टेबलाच्या बंद खणातला कागद न काढताच सरकार तो न्यायालयात हुबेहूब उभा करू शकेल. तेव्हा टीव्ही नुकता प्रयोगशाळेत आला होता. ब्रँडाइस यांनी त्याबद्दलचं कात्रण जपून ठेवलं होतं आणि मसुद्यात त्याचा उल्लेखही केला होता. टीव्हीतून कोणाच्या घरात डोकावता येत नाही, असं त्यांच्या तरुण सहायकाने पटवलं म्हणून तो उल्लेख काढला गेला.

न्या. ऑलिव्हर वेंडेल होम्स यांचं मत छोटं होतं. त्यांनी या प्रकाराला गलिच्छ धंदा म्हटलं. काही गुन्हेगार सुटणं आणि सरकारने हीन कृत्यात हात घालणं, यातलं दुसरं त्यांना जास्त वाईट वाटत होतं. न्या. बटलर आणि न्या. स्टोन हेही अल्पमतात होते.

निकालानंतर

या निकालाने सरकार जिंकलं, पण दारूबंदी सावरली नाही. १९२९ मध्ये जोन्स कायद्याने शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढवल्या. तुरुंग भरले, न्यायालयं तुंबली, महामंदी आली, आणि करापोटी मिळणारा पैसा डोळ्यांपुढे दिसू लागला. ५ डिसेंबर १९३३ रोजी युटा हे छत्तिसावं राज्य मंजुरी देऊन मोकळं झालं आणि एकविसाव्या दुरुस्तीने अठरावी रद्द केली. अमेरिकेच्या घटनेतली एक दुरुस्ती दुसरीने संपूर्ण रद्द केल्याचं हे एकमेव उदाहरण आहे.

दारूबंदी गेली, कान मात्र तारेवरच राहिला. १९३४ च्या दळणवळण कायद्याने काही अटकाव केला, पण टॅफ्ट यांचा निकाल घटनेचा अर्थ म्हणून जवळजवळ चाळीस वर्षं उभा होता. त्या काळात दारू सोडून इतर कित्येक कारणांसाठी फोन ऐकले गेले. १८ डिसेंबर १९६७ रोजी ‘कॅट्झ’ खटल्यात, लॉस एंजेलिसच्या एका सार्वजनिक फोन बूथवर लावलेल्या यंत्राबद्दल न्यायालयाने सांगितलं की घटना जागांना नव्हे, माणसांना संरक्षण देते. ऑल्मस्टेडचा निकाल तिथे मोडला.

आपल्याकडेही हा प्रश्न तितकाच जिवंत आहे. १९७२ मध्ये मुंबईच्या कॉरोनरविरुद्धच्या (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) लाचेच्या खटल्यात, फोनवरच्या एका पक्षाच्या संमतीने केलेलं ध्वनिमुद्रण सर्वोच्च न्यायालयाने पुरावा म्हणून मान्य केलं. १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर फोन टॅपिंगसाठी नियम घालून दिले: आदेश गृहसचिवाच्या पातळीवरून, मुदत ठरावीक, फेरतपासणीला समिती. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि त्या चर्चेत ऑल्मस्टेड खटला आणि ब्रँडाइस यांचं मत दोन्ही आहेत. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचखोरीच्या एका प्रकरणातले फोन टॅपिंगचे आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितलं, कारण सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी कायद्याने मागितलेलं कोणतंच कारण तिथे नव्हतं. लाच देणारा आणि घेणारा दोघंही तक्रार करत नाहीत. तपासाची अडचण सिअ‍ॅटलमधल्यासारखीच होती.

ऑल्मस्टेडने शिक्षा भोगली ती मॅकनील बेटावरच्या केंद्रीय तुरुंगात. हे बेट प्यूजेट साउंडमध्येच आहे, ज्या पाण्यातून त्याच्या बोटी माल आणायच्या त्याच पाण्यात. १९३१ मध्ये तो सुटला. तुरुंगात त्याने ख्रिश्चन सायन्स पंथ स्वीकारला होता, दारू सोडली होती, आणि बाहेर आल्यावर ती माणसांचं नुकसानच करते असं तो सांगू लागला. १९३५ च्या नाताळच्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्याला पूर्ण माफी दिली. पुढची कित्येक वर्षं तो सिअ‍ॅटलच्या तुरुंगात जाऊन कैद्यांशी बोलत बसायचा. तो वारला १९६६ मध्ये, कॅट्झ खटल्याचा निकाल लागण्याच्या आदल्या वर्षी.